सोड म्हणेपर्यंत

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापील अक्षरांत काढलाय. माझं अक्षर ओळखलं असतंस तर पाकीट न फोडताच कपाटावर गेलं असतं. विजेचं बिल समजून का होईना, फोडलंस ना, मग आता शेवटपर्यंत वाच. भांडायला लिहिलेलं नाही, रडायला तर नाहीच. कामाचं आहे.

पत्ता वहिनीनं दिला. तिच्यावर ओरडू नकोस, मी तिला तीन महिने भंडावून सोडलं होतं. तू हल्ली लिफ्टच्या ब्रेकची तपासणी करतोस हेही तिच्याकडूनच कळलं. पाना म्हणे हातात धरत नाहीस. वही आणि टॉर्च घेऊन जायचं, दुसऱ्यानं केलेलं काम बघायचं आणि सही करायची.

तर काम असं. निळी बाहेर काढली. मागच्या शेडमधली ताडपत्री ओढली तेव्हा उंदरांचं एक भरलं घर उठलं, त्यांची माफी मागितली. सहा वर्षं गाडी तू ठेवलीस तशीच उभी होती, उजवी बाजू भिंतीला लावून. खरवडलेली बाजू दिसू नये म्हणूनच तशी लावली होतीस ना? मी ती फिरवून उजेडात घेतली. हँडल वाकलंय, उजवा फूटरेस्ट तुटलाय, पुढच्या दोन्ही डिस्क गंजून लाल. पण टाकी आणि कार्बोरेटर धुतल्यावर चौथ्या दमात इंजिन सुरू झालं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, गाडीकडे बघितलं आणि आत गेली.

पुढचे ब्रेक मी पूर्ण बदलतेय. भंगारात एका मोठ्या गाडीचे, डिस्कला चिमटा घालणारे कॅलिपर मिळाले. जुने डिस्कला एकाच बाजूनं ढकलायचे, दोन-दोन पिस्टननी. यांच्यात चार-चार आहेत, दोन इकडून, दोन तिकडून, म्हणजे डिस्क दोन्ही बाजूंनी सारखी दाबली जाईल. रबरी पाइपच्या जागी स्टीलच्या जाळीचे पाइप घालतेय. आता प्रश्न असा: हँडलवरचा जुना मास्टर सिलिंडर एवढ्या पिस्टनना तेल पुरवेल का? मला वाटतं पुरवणार नाही, लिव्हर पार मुठीपर्यंत येईल. मोठा मास्टर लागेल. पण किती मोठा? फार मोठा घेतला तर लिव्हर लाकडासारखा लागेल आणि बोटांना काही कळणारच नाही. तुझा अंदाज एका ओळीत कळव.

गाडी विकायची आहे. ब्रेक चांगले असले की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

आणखी एक. खुंटीवर बाबांचा बारा नंबरचा रिंग पाना नाही, तो लाल पट्टी गुंडाळलेला. तू नेला असशील तर असू दे, मी दुसरा घेतलाय.

खाली 'पक्कड' अशी सही करणार होते. लहानपणी मी एखादी वस्तू धरली की बोटं एकेक करून उकलावी लागायची, म्हणून तू ठेवलेलं नाव. पण हात धजला नाही.

तुझी बहीण


१५ फेब्रुवारी

दादा,

अकरा दिवस झाले. पत्र मिळालं एवढं वहिनीनं कळवलं. जेवताना वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस म्हणे. केराच्या टोपलीत नाही गेलं, तेवढ्यावर मी हा दुसरा कागद घेतला.

पहिल्या पत्रात एक खोटं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला माहीतच आहे. निळी विकायची नाही. बावीस मार्चला, रविवारी, ट्रॅक सगळ्यांसाठी खुला आहे आणि मी नाव नोंदवलंय. चालवणार मी. तोच ट्रॅक, तोच लांब सरळ पट्टा आणि त्याच्या शेवटचं तेच उजवं वळण. वळणाआधी अंतराचे फलक आहेत, दोनशे, दीडशे, शंभर. शंभरापाशी तुझा लिव्हर मुठीला टेकला होता. मी दीडशेला ब्रेक दाबणार आहे.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल.

मी उडी डोळे मिटून मारत नाहीये. दोन वर्षांत दुसऱ्यांच्या गाड्यांवर त्या ट्रॅकवर सहा वेळा जाऊन आलेय. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "एकाचा पाय गेला, तेवढं पुरे नाही का झालं?"

"पाय गेला नाही आई, लंगडतो."

"तू बघितलायस त्याला चालताना?"

दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी त्याच खोलीत असते. तू माझा विषय काढत नाहीस आणि मी मान वर करत नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं मला पाठ झालंय.

दोन दिवस आईनं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये चहा आणून ठेवला आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. "कधी आहे म्हणालीस?" मी तारीख सांगितली. "मग लवकर आटप, शेवटच्या दिवशी घाई करू नकोस. तुम्हा दोघांची घाईच नडते." माझ्या परीनं मी तो होकार धरला.

काम पुढे सरकतंय. नवे कॅलिपर आपल्या गाडीच्या कानांवर बसत नाहीत, भोकांमध्ये बोटभर फरक आहे. मधे घालायचा जोडतुकडा लेथवाल्या काकांकडे करायला दिलाय. त्यांनी माप घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "तुमच्या घरात हळू चालवणारं कुणी जन्मालाच आलं नाही का? म्हणजे एवढं थांबवायची वेळच आली नसती." तुकडा ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून काढणार आहेत. मी दोनदा बजावलं की पातळ करू नका. त्यावर ते म्हणाले की मला अक्कल शिकवायला तुझा भाऊ होता, तो गेला तेव्हा जरा बरं वाटलं होतं.

मास्टरचं तू काही कळवलं नाहीस, म्हणून मीच ठरवलं. जुन्याहून दोन मिलिमीटर मोठा घेतला. पाइप उद्या बसवते. पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या दोन्ही अंगांचे तांब्याचे वॉशर अजून चांगले दिसतात, तेच घासून परत लावेन.

तुझी बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट आलं. वजनाला हलकं होतं. आत माझंच पत्र परत आलेलं. म्हटलं, संपलं. मग तिसरं पान उलटलं. शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलनं रेघ आणि पुढे दोन शब्द: 'वॉशर नवे.'

सहा वर्षांनी भावाकडून दोन शब्द आले आणि तेही वॉशरबद्दल. मी हसले, मग तिथेच शेडच्या पायरीवर बसून रडले, मग उठून दुकानात गेले आणि वॉशर आणले. सात लागतात, दहा आणले. आईला पान दाखवलं. तिनं चष्मा लावून ते दोन शब्द बराच वेळ वाचले, जसं काही दोन पानं होती. "बरोबरच आहे त्याचं," म्हणाली. तिला तांब्याचा वॉशर आणि शर्टाचं बटण यातला फरक कळत नाही.

तू बाकीचं सगळं वाचलंस आणि ट्रॅकबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, हेही माझ्या ध्यानात आलंय. नको जाऊस, असं लाल पेन्सिलनं लिहिता आलं असतं.

काकांनी जोडतुकडे दिले. सुबक आहेत, कडा मारलेल्या. लावले आणि चाक फिरवलं तर खर्र! कॅलिपरची पाठ रिमला घासत होती, केसाएवढी. मी कानस घेणार होते, तेवढ्यात तुझा आवाज डोक्यात आला, 'कॅलिपरला कानस लावशील तर हात तोडीन.' तुकडे परत नेले. काका कुरकुरले, पण एका अंगानं खरडून दिले. आता मधून जाड कागद सरकतो. बोल्ट चढवले, टॉर्क पान्यानं आवळले आणि प्रत्येकावर रंगाचा ठिपका दिला. एक बोल्ट आवळला की नाही, हे मला रोज तीन वेळा आठवून बघावं लागतं. ठिपका बघितला की झोप येते.

डिस्क नव्या घेतल्या, हँडल आणि उजवा फूटरेस्टही. पॅड ट्रॅकचे आहेत, थंड असताना नीट पकडत नाहीत, तापले की मग कामाला लागतात. म्हणजे आपल्या आईच्या उलट.

आता ब्रेक ऑइल भरायचं आणि पाइपांत अडकलेली एअर काढायची. ते काम एकट्यानं होत नाही. एकटीला करता येईल अशी झडपेची नळी मिळते, मी आणलीही आहे, पण ती अजून पिशवीतच आहे. का, ते मला माहीत आहे आणि तुला नाही.

तुझी बहीण


८ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच. जवळ वहिनी असेल तर असू दे.

काल आईनं लिव्हर धरला. मी तिला बोलावलं नव्हतं. ती कपडे वाळत घालून आली, स्टूल ओढून गाडीशेजारी बसली आणि म्हणाली, "काय धरायचं ते दाखव. पूर्वी तू धरायचीस ना त्याच्यासाठी?" मी तिला समजावलं: लिव्हर चार वेळा दाबायचा आणि मी 'धर' म्हटलं की घट्ट दाबून 'धरलं' म्हणायचं. मी खाली कॅलिपरचा निपल, म्हणजे ही छोटी तोटी, उघडणार. लिव्हर हाताखाली खचेल, तेल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत जातील. खचला तरी सोडायचा नाही. मी निपल आवळून सांगेन, मगच सोडायचा. आधी सोडलास तर तो उलटी हवा आत ओढेल.

"म्हणजे बाबा म्हणायचे तेच," आई म्हणाली. "सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

आपल्या गॅरेजमध्ये बाबांचा नियम हा एकच होता.

अर्धा तास आम्ही धर, धरलं, करत राहिलो. आईचा हात चांगलाच आहे, सुरुवातीला माझा नव्हता तेवढा. डावीकडचं संपवून उजवीकडे आले तेव्हा ती म्हणाली, "तू मला दर वेळी 'झालं' म्हणतेस. 'सोड' का नाही म्हणत?"

मी निपलवर पाना ठेवला. मग तिला सांगितलं. सगळं. आता तुला सांगते.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्याशी भांडत होते. दुपारची एक फेरी मला चालवायला द्यायचं तू कबूल केलं होतंस आणि आयत्या वेळी नाही म्हणालास. आई ऐकणार नाही, पुढच्या वेळी बघू, वगैरे. तू खाली बसून निपल उघडला होतास. मी वर लिव्हर धरून होते आणि तोंड चालू होतं. शब्द दिला होतास, शब्द दिला होतास. तू वैतागून म्हणालास, "सोड ना आता!"

तू तो विषय सोडायला सांगत होतास. मी लिव्हर सोडला.

निपल उघडा होता. नळीचं टोक बाटलीत तेलाच्या वर लोंबत होतं. ते मला वरून दिसत होतं, तुला खालून दिसत नव्हतं. नळीतून हवेचा एक लांबच लांब तुकडा वर पळाला. मी तो बघितला, दादा. बोलले नाही. रागात होते आणि वाटलं, पुढच्या दोन-तीन दाबांत निघून जाईल. तू आणखी दोनदा 'धर' म्हणालास, तेल स्वच्छ आलं, तू आवळून उठलास. लिव्हर दाबून मला विचारलंस, "कसा वाटतो?" मी म्हटलं, "ठीक आहे." ठीक नव्हता. किंचित मऊ होता. ब्रेक तापले, आत राहिलेला बुडबुडा फुगला आणि तिसऱ्या फेरीत लिव्हर मुठीला टेकला.

एवढंच असतं तर चूक म्हणता आलं असतं. पुढचं चूक नाही. दवाखान्यात आईनं विचारलं, कसं झालं हे? तू माझ्याकडे बघितलंस. खरोखर विचारत होतास, तुला माहीतच नव्हतं. आणि मी म्हणाले, "याच्याकडूनच निपल सैल राहिला असेल." तू तोंड भिंतीकडे फिरवलंस.

घरी आल्यावर कुबड्या घेऊन गॅरेजच्या दारात गेलास आणि पाटीवरच्या 'ब्रेकचं काम खात्रीचं' या ओळीवर पांढरा रंग मारलास. मी डबा धरून उभी होते. तेव्हाही बोलले नाही. तीन महिन्यांनी तू घर सोडून गेलास. लोक म्हणाले, पाय मोडला म्हणून हिंमत खचली. पायाचं काही नव्हतं. तुझा तुझ्या हातांवरचा विश्वास गेला होता आणि तो मी घालवला होता.

तुझ्या हातांनी त्या दिवशी काही चुकवलेलं नाही. निपल सैल नव्हता. हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. मला माफ कर, असं लिहितेय. करशील की नाही ते तुझ्यावर.

आईनं सगळं ऐकलं. हाताखाली लिव्हर तसाच दाबलेला होता. मग म्हणाली, "हे त्याला लिहिलंस?" नाही म्हटलं. "मग आधी हे पुरं कर आणि लिही." आणि मग, रागानं, "आणि मला नीट सांग, सोडू की नको? हात दुखायला लागला."

मी म्हटलं, "सोड, आई."

सही करत नाही.


१८ मार्च

दादा,

दहा दिवस तुझ्याकडून काही नाही. वहिनीचाही फोन नाही आणि मी तिला केला नाही. गेल्या रविवारी तू आईशी नेहमीएवढंच बोललास. आई फोन ठेवून म्हणाली, "त्याला पत्र मिळालंय. खोकला होता तसा बोलत होता." तुला खोकला नव्हता, हे तिलाही कळलं असणार.

उत्तर मागायला हे लिहीत नाही. फक्त एक गैरसमज नको म्हणून. मी रविवारी जातेय ते प्रायश्चित्त म्हणून नाही. तुझ्या जागी पडून फिट्टंफाट करायला तर नाहीच. मला ती गाडी चालवायची आहे. सहा वर्षांपूर्वीही चालवायचीच होती, भांडण त्यावरूनच तर झालं. अपराधी माणसानं हौस मारावी असं कुणी म्हणेल. मी तेही करून बघितलं, सहा वर्षं. त्यानं तुझा पाय सरळ झाला नाही.

काल रिकाम्या रस्त्यावर पॅड डिस्कवर रुळवून घेतले. आधी हलके दाब, मग जोराचे, मधे थंड व्हायला वेळ. निळी थांबते, दादा. दोन बोटांनी थांबते. मागचं चाक हलकं होतं आणि पुढचं रस्ता धरून ठेवतं. लिव्हर कडक आहे. किती कडक, ते सांगायला तुझाच अंगठा हवा, पण माझ्या मते चांगला आहे. दोन मिलिमीटरचा अंदाज बरोबर निघाला.

आई येतेय. मी नको म्हटलं. "मी घरी बसून घड्याळ बघू काय? ते तू बघ," असं म्हणाली. घडीची खुर्ची आणि पाण्याच्या चार बाटल्या आत्तापासून दारात काढून ठेवल्यात.

तू नको म्हणालास तरी मी जाणार आहे. काहीच म्हणाला नाहीस तरीही.

तुझी बहीण


२४ मार्च

दादा,

परवा तू तिथं होतास, सगळं डोळ्यांनी बघितलंस, तरी लिहितेय. तोंडानं बोलायची आपल्याला सवय राहिलेली नाही. आणि माझ्या बाजूनं ते कसं होतं, ते तुला प्रेक्षकांच्या स्टँडवरून दिसलं नसणार.

तू सकाळपासून वर बसला होतास हे मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणते, घरून निघताना तू तिलाही सांगितलं नाहीस, लिफ्टचं तातडीचं काम आहे म्हणालास. खोटं बोलायची खोड घराण्याचीच दिसते.

पहिल्या दोन फेऱ्या मी सांभाळून काढल्या. तिसरीत मोकळी सोडली. सरळ पट्टा संपत आला, दीडशेचा फलक आला, मी लिव्हर दाबला आणि तो आत आला. पूर्ण नाही, पण अर्धा. मऊ. सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो मऊपणा माझ्या बोटांखाली होता. भीती वाटायलाही वेळ नव्हता. तू शिकवलं होतंस, लिव्हर खचला तर सोडून पटकन दोनदा दाब. दाबला. दुसऱ्या दाबाला तो उभा राहिला. वळण मात्र रुंद गेलं, दोन्ही चाकं कडेच्या गवतातून गेली आणि परत आली. निशाणवाल्यानं माझ्याकडे बघून हात जोडले.

सावकाश आत आले. गाडी स्टँडला लावली. आई खुर्चीतून उठली होती. मी म्हटलं, "एअर राहिलीय. परत काढायची. दुसऱ्या सेशनला पाऊण तास आहे." ती म्हणाली, "अजून जायचंच आहे?" मी म्हटलं, "हो." तिनं बाही वर केली आणि लिव्हरकडे आली.

तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "बाजूला हो, आई."

मी वळले. तू ट्रॅकवरच्या शेडच्या दुसऱ्या टोकाकडून येत होतास. अपघातानंतर कुबड्यांशिवाय चालताना मी तुला पहिल्यांदा बघितलं. उजवा पाय जरा बाहेर टाकतोस आणि मग सगळं अंग त्याच्यामागून आणतोस. तेवढं अंतर यायला तुला जो वेळ लागला, त्यात मी नजर काढून घेतली नाही, आणि ते बरं केलं असं मला वाटतं.

तू माझ्याशी बोलला नाहीस, गाडीशी बोललास. जोडतुकड्यांवरून बोट फिरवलंस. बोल्टांवरचे ठिपके बघितलेस. खाली वाकून वॉशर बघितलेस. मग लिव्हर हळू दाबलास, सोडलास, परत दाबलास.

"वरची काढलीस का? मास्टरच्या बोल्टाची?"

"नाही. खालच्या निपलांचीच काढली."

"हवा कुठं चढते?"

"वर."

"मग सगळ्यात वर काय आहे?"

मास्टरला पाइप जोडणारा बोल्ट सगळ्यात वर आहे, हे शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. मग म्हणाले, "तू शिकवलं नव्हतंस."

तू बोल्टावर अंगठा ठेवलास. त्या बोल्टाकडे बघत राहिलास.

"मीही नव्हती काढली," म्हणालास.

"कधी?"

"तेव्हा. नवे पाइप घातले होते आणि वरची काढली नव्हती."

आई एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, मग ती एअर माझ्यामुळं होती की... तू मला पुरं बोलू दिलं नाहीस. "कोण सांगणार आता? तुझं सोडणं असेल, माझं विसरणं असेल, दोन्ही असेल." मग पहिल्यांदा तू माझ्याकडे बघितलंस. "पण दवाखान्यात तू जे बोललीस ते तुझंच."

"हो."

"सहा वर्षं मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. घरातला नळ गळला तरी मी माणूस बोलवायचो."

मी परत माफी मागायला हवी होती, असं तुला वाटलं असेल. पण त्याच वेळी तुझा हात खिशात गेला होता आणि खिशातून बाबांचा बारा नंबर बाहेर आला, लाल पट्टीसकट. पाना हातात धरत नाही म्हणे! मला तो हात मधेच थांबवायचा नव्हता, म्हणून गप्प बसले.

तू बोल्टाखाली फडकं धरलंस, पाना चढवलास आणि म्हणालास, "धर."

मी दाबला. "धरलं."

तू पाव फेरा उघडलास. फुस्स झालं, तेलात फेस आला, लिव्हर माझ्या बोटांखाली मुठीपर्यंत खचला. मी धरून राहिले. तू आवळलास. तुझा हात जराही कापला नाही, मी बघत होते. फडक्यानं बोल्ट पुसलास आणि तसाच उभा राहिलास.

आणि तू बोलेनास.

मीही सोडेना. बाबांचा नियम आहे, आणि या जन्मात तो परत मोडायचा नाही असं मी ठरवलंय. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. बाहेर दुसऱ्या सेशनची हाक झाली. तुझे ओठ हलत होते आणि शब्द बाहेर येत नव्हता. तो शब्द मी तुझ्यासाठीही नासवून ठेवलाय, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी आईच म्हणाली, "अरे बोल की! पोरीची बोटं निळी पडली."

तू म्हणालास, "सोड, पक्कड."

मी म्हटलं, "काय सोडू?" आगाऊपणा नव्हता, दादा. मला खरंच विचारायचं होतं. त्या एका शब्दावर मी पुन्हा अंदाज बांधणार नव्हते.

तू जरा विचार केलास. मग म्हणालास, "लिव्हर सोड. बाकीचं बघू."

मी सोडला. अजून दोनदा आपण तेच केलं, आणि नंतर लिव्हर असा लागला की तू अंगठ्यानं दाबून नुसतं "हं" म्हणालास. ते 'हं' मी ओळखते. पाटीवर रंग मारण्याआधी ते रोज ऐकू यायचं.

पुढचं तू वरून बघितलंस. दीडशेचा फलक आला, मी दोन बोटांनी दाबला आणि निळी जमिनीला चिकटली. शंभराचा फलक बाजूनं सावकाश गेला, त्यावरचा आकडा वाचता येईल इतका. वळणाच्या तोंडाशी मी ब्रेक हलके हलके सोडला आणि ती आपणहून आत वळली. अशा अकरा फेऱ्या झाल्या. परत आले तेव्हा तू गेला होतास. खुर्चीवर आई होती आणि तिच्या मांडीवर बाबांचा पाना. "घरच्या शेडमधल्या खुंटीला लाव म्हणाला," तिनं सांगितलं.

पाना खुंटीला लावलाय. पाटीला मी हात लावलेला नाही. पांढऱ्या रंगाखालून जुनी अक्षरं अजून पुसट दिसतात. ती ओळ परत काढायची की नाही हे तू ठरवायचंस, आणि काढायचीच तर ब्रश तू धरायचास.

'बाकीचं बघू' म्हणालास. कधी ते म्हणाला नाहीस. मला घाई नाही. तू सांगशील तेव्हा, सांगशील तसं. तू सोड म्हणेपर्यंत मी धरून आहे.

पक्कड